चकाला लावलेलं तेल

खंडेनवमी, सन १९७४. ठिकाण सांगली, आमच्या घरापुढचा पत्र्याचा कारखाना. हजर: तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, काकी, त्यांची बायको, माहेर सातारा, अण्णा, माझे वडील, आई, माहेर कडेगाव, तात्यांचा मुलगा विलास, आणि मी. देव्हाऱ्यात घट बसलेला होता, त्यामुळे भांडणाचे आवाज बारीक होते. इंग्रजी तारीख मी शोधलेली नाही. आमच्या घरातली भांडणं तिथीनेच चालायची आणि तिथीनेच लक्षात राहिली आहेत.

त्या घराची आठवण म्हणजे मला आधी आवाज आठवतात. एका स्वयंपाकघरात दोन चुली होत्या. एका चुलीवर काकी, दुसऱ्या चुलीवर आई, दोघींच्या पाठी एकमेकींकडे. काकी रागावली की फुंकणी आपटायची, आई रागावली की भाकरी थापायचा आवाज वाढायचा. ज्वारीची भाकरी इतक्या जोरात थापलेली मी नंतर कुठेच ऐकली नाही. काकीच्या आमटीला लसणाची फोडणी बसली की आई मुद्दाम खोकायची. आईनं शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली की काकी म्हणायची, "कुटा, कुटा. आमची डोकी हायती तंवर कुटून घ्या." हे सगळं समोरासमोर नाही, भिंतीला उद्देशून. बाहेर कारखान्यात तात्या आणि अण्णा यांचं तर थेट बोलणंच बंद होतं. कशावरून बंद झालं ते मला कधी कळलं नाही, आणि आता वाटतं की त्यांनाही आठवत नसावं. कामापुरतं बोलायचं ते विलासच्या किंवा माझ्या तोंडून. "शैले, तुझ्या बाला सांग, गेटाची मापं चुकल्यात." अण्णा तिथेच, हातभर अंतरावर, टेप धरून उभे. मग अण्णा मला म्हणायचे, "तात्यांना सांग, माप त्यांनीच दिलंय." मी सतरा वर्षांची होते. गेटांना आणि खिडक्यांना तांबडा रंग मारायचं काम माझ्याकडे होतं. ब्रश खाली न ठेवता मी दोन्हीकडचे निरोप द्यायची आणि त्यातले अर्धे शब्द गाळून टाकायची. सगळे शब्द दिले असते तर त्या घरात खून पडला असता.

कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक वेल्डिंगचं मशीन, एक ऐरण आणि एक चार सुती ड्रिल मशीन. अर्ध्या इंचापर्यंतचं भोक पाडणारं, दोन हातांनी धरायचं, वजनाला कोकराएवढं. काकी त्याला गिरमिटच म्हणायची. मशीन दोघा भावांचं होतं. पण त्याच्या तोंडावरचा चक, म्हणजे बिट, भोक पाडणारी धारदार सळई, घट्ट धरून ठेवणारा तीन जबड्यांचा लोखंडी गोळा, तो मात्र दोघांचा नव्हता. मूळचा चक फुटला तेव्हा काकीच्या भावानं, फौजेतून पेन्शनीत आलेल्या मामानं, साताऱ्याहून नवा चक आणून दिला होता. चांगला, जड, निळसर चमकीचा. त्या दिवसापासून काकी त्याला "माझ्या भावाचा चक" म्हणायची. पाहुण्यांना चहाबरोबर तो दाखवला जायचा. आईच्या माहेरहून आमच्या घरात काय आलं होतं, तर एक जातं. ते कुणाला दाखवलं जायचं नाही.

चकाची चावी तात्यांच्या करगोट्याला बांधलेली असायची. अण्णांना बिट बदलायचा असला की तात्यांनी यायचं, वाकायचं, कमरेच्या चावीनं चक आवळायचा आणि निघून जायचं. हे लिहिताना मला हसू येत नाही. बापासारखा माणूस रोज कुणाच्या तरी कमरेकडे बघत उभा राहतो, हे सतराव्या वर्षी फार दिसतं.

इथे थोडं थांबून सांगते, कारण चक सैल होतो म्हणजे नेमकं काय होतं हे लोकांना अजूनही कळत नाही, आणि माझ्याकडे रोज कुणी ना कुणी हीच तक्रार घेऊन येतो. सैल होणं दोन तऱ्हेचं असतं. पहिलं म्हणजे चक जागेवर असतो, पण बिट त्यातून सुटतो, आतल्या आत गरगरतो. याचं कारण बहुतेक वेळा आवळणाऱ्याचा आळस. चकाला चावीसाठी तीन भोकं असतात ती शोभेला नाहीत. एकाच भोकात चावी घालून पिळली की एका अंगाचा जोर बसतो; तिन्हीत आळीपाळीनं पिळली की जबडे बिटाला सारखे चावतात. जबड्यांत लोखंडाचा चुरा साठला असेल तर आधी तो ब्रशनं काढायचा. बिटाची दांडी पूर्वी कधी गरगरून घासली गेली असेल तर तो बिट फेकून द्यायचा, त्याच्यावर जीव टाकायचा नाही. तात्या एका भोकात आवळून जायचे. मुद्दाम की घाईनं, ते देवाला माहीत. अण्णा तो बिट गरगरला की पुन्हा तात्यांना बोलावू शकत नव्हते, कारण बोलावणं म्हणजे मागणं. मग ते पक्कडीनं चकाची कड धरून जमेल तेवढं पिळायचे. निळ्या चकावर पक्कडीचे ओरखडे उठायचे आणि काकी ते बोटानं मोजल्यासारखे चाचपायची.

दुसरं सैल होणं वेगळं आणि भयंकर. त्यात अख्खा चकच मशीनवरून निसटतो. काही मशिनींना चक आट्यांवर बसवलेला असतो. आमच्या मशीनला तसा नव्हता. स्पिंडलचं, म्हणजे मोटरनं फिरणाऱ्या दांड्याचं, तोंड निमुळतं, चकाच्या पाठीत तसंच निमुळतं भोक, आणि एकात एक ठोकून बसवलेलं. ना स्क्रू, ना पिन. नुसत्या घट्ट बसण्यावर सगळा भरवसा. आमच्या घरात हा चक वर्षभर नीट राहायचा आणि दसऱ्यानंतर निसटायचा. दरवर्षी. दिवाळीपर्यंत निसटत राहायचा आणि मग आपोआप सुधारायचा. याचा अर्थ घरात सगळ्यांनी एकच लावला होता: नवं काम सुरू करायला मुहूर्ताला मशीन अण्णा धरतात, आणि अण्णांच्या हाताला बरकत नाही. काकीनं त्यात भर घातली होती. ती म्हणायची, हात त्याचा, पण पाय कुणाचे? म्हणजे आईचे. वास्तविक आई त्या घरात मशीनच्या कितीतरी आधी आली होती. पण काकीच्या हिशेबात असल्या गोष्टींना जागा नव्हती.

त्या वर्षी माधवनगरच्या एका गिरणीचं मोठं काम हातात होतं. मागांच्या खाली बसवायचे अँगलचे सांगाडे, प्रत्येक अँगलला भोकांची रांग. अण्णांसारखी सरळ भोकं सांगलीत फार थोडे पाडायचे. मशीन सुरू झालं की अण्णांचा चेहरा बदलायचा. दिवसभरात तेवढ्याच वेळात त्यांना कुणी काही बोलू शकत नसे, कारण ऐकूच यायचं नाही.

आता खंडेनवमीचं. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं चालवत नाहीत, त्यांची पूजा करतात. सकाळी तात्यांनी पाचर मारून चक मशीनवरून काढला. सगळी हत्यारं रॉकेलनं धुऊन पाटावर मांडली: हातोडे, छिन्न्या, पाने, करवत. घरातून विळी, उखळ, मुसळ आलं. काकीनं वाटीत गोडं तेल घेतलं आणि एकेक हत्यार पुसायला बसली. चक तिनं शेवटी घेतला. मांडीवर घेतला, तान्ह्या पोराला घेतात तसा. बाहेरून तेल लावून झाल्यावर तिनं करंगळी त्याच्या पाठीच्या भोकात घालून आतूनही तेल फिरवलं.

विलास म्हणाला, "आई, आत कशाला गं?"

"देवाला आंगूळ घालताना कानामागं पाणी घालत्यात का न्हाई? मग? माझ्या भावानं दिलेली वस्तू हाय. आतनं बी झळकाय पायजे." मग स्पिंडलच्या तोंडालाही तिनं तेल चोळलं. मग तिला आईचं जातं दिसलं. "आणा की तुमचं बी. का त्येला पूजा चालत न्हाई?"

जातं उचलून आणत नाहीत, म्हणून काकी स्वतःच वाटी घेऊन आत गेली. पाळूला, वरच्या दगडाला, कुंकू लावलं आणि दळताना धरायचा खुंटा उपटून त्याच्या बुडाला तेल चोपडलं.

"आवं आक्का, खुंट्याला नगा लावू," आई म्हणाली.

"का? कडेगावात जात्याला देव मानत न्हाईत?"

"मानत्यात की. कुंकू लावत्यात. तेल न्हाई लावत."

"मग कोरडं मानत्यात म्हण की. माणसंबी तशीच." काकीनं खुंटा परत भोकात खुपसला आणि हात पदराला पुसले. घटावर टांगलेल्या कडाकण्या, नवरात्रातल्या कडक गोड पुऱ्या, वाऱ्यानं एकमेकींवर आपटत होत्या.

दुसऱ्या दिवशी दसरा. आपट्याची पानं द्यायची म्हणजे भावाला भावाच्या पाया पडावंच लागतं. अण्णा वाकले. तात्यांनी पान घेतलं आणि आशीर्वाद दाराच्या चौकटीला दिला. मग पुरणपोळीवर बसल्यावर त्यांनी विलासकडे बघून सुरुवात केली.

"विलास, तुझ्या चुलत्याला सांग. औंदा चक पडला तर मशिनीला हात लावायचा न्हाई. साताऱ्यासनं तुझ्या मामाचा पोरगा येतोय, त्यो चालवंल मशीन. ह्येनं सायकल घ्यायची नि माधवनगरात ऑर्डरी मागत हिंडायचं."

अण्णांनी घास खाली ठेवला. "विलास, तुझ्या बाला सांग, कळलं."

विलासच्या तोंडात कडाकणी होती. तो म्हणाला, "दोघंबी हितंच हायसा की." तात्यांनी त्याच्या पाठीत अशी थाप घातली की कडाकणीचा चुरा पोळीवर उडाला. कुणी हसलं नाही. माझ्या शेजारी आईनं वाटीतलं दूध पोळीवर ओतलं ते ताटाबाहेर गेलं. अण्णा ऑर्डरी मागत हिंडतील हे कुणालाच खरं वाटत नव्हतं. अनोळखी दुकानदाराशी दोन वाक्यं बोलायची तरी त्यांच्या कपाळाला घाम यायचा. मशीनवरून उतरवणं म्हणजे त्यांना त्या घरातून उतरवणं होतं, आणि तात्यांना तेच हवं होतं. संध्याकाळी तात्यांनी चक तेलासकट स्पिंडलवर ठेवून लोखंडी हातोड्यानं दोन ठोके दिले आणि चावी कमरेला खोचली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई दळायला बसली. चार फेरे झाले असतील नसतील, खुंटा तिच्या हातात आला आणि ती मागच्या मागे भिंतीवर आपटली. ज्वारी सांडली. काकी चुलीपुढून म्हणाली, "सकाळच्या पारी सांडलवंड." आई उठली. तिनं तो खुंटा नाकाशी नेला, वास घेतला, मग मूठभर पीठ घेऊन खुंट्याचं बूड आणि पाळूचं भोक खसाखसा चोळलं. तेल पिठात उतरून त्याच्या तांबूस गोळ्या झाल्या. कोरड्या फडक्यानं पुसून तिनं खुंटा ठोकला आणि दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिला. हलेना. "शैले, बघून ठेव," ती म्हणाली. "कोरडा खुंटा धरतो. तेलकट खुंटा हातात येतो." मला वाटलं ती काकीलाच ऐकवते आहे. तसं ऐकवतही होतीच.

त्यानंतर तासाभरात बाहेर मशीन सुरू झालं. पहिल्या अँगलला बिट लागला, आवाज बदलला, आणि मग एक असा आवाज आला की तो ऐकून मी रंगाचा डबा खाली ठेवला. मोटर मोकळी फिरत होती. बिट अर्ध्या भोकात रुतून थांबला होता, चक थांबला होता, आणि स्पिंडल चकाच्या आत नुसतंच गरगरत होतं. अण्णांनी मशीन मागे ओढलं. मशीन त्यांच्या हातात आलं. चक बिटासकट अँगललाच चिकटून राहिला, मग एका अंगाला कलला आणि फरशीवर पडला.

तात्या जागचे उठलेसुद्धा नाहीत. "झालं," ते म्हणाले. "विलास, सायकलीत हवा भर."

काकी दारात आली होती. "मी म्हनत न्हवते? हाताला बरकत न्हाई ती न्हाईच. माझ्या भावाचा चक भुईवर!"

अण्णांनी मशीन बंद केलं, बाकावर ठेवलं आणि हात पुसायला लागले. विरोध करायचा विचारही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. तेवढ्यात आई बाहेर आली. डोक्यावरून पदर, हातात पिठाची परात. थोरल्या दिराशी थेट बोलायची तिला मुभा नव्हती, म्हणून ती शेडच्या खांबाकडे तोंड करून उभी राहिली आणि खांबाशी बोलली.

"ह्यो हाताचा दोष न्हाई. तेलाचा हाय."

तात्या म्हणाले, "विलास, चुलतीला सांग, बायका मशिनीतलं कवापास्नं सांगाय लागल्या?"

"मशिनीतलं न्हाई सांगत," आई खांबाला म्हणाली. "जात्यातलं सांगतीया. माझा खुंटा आज सकाळी हातात आला. त्यो बी ह्याच वाटीतल्या तेलानं. वरीसभर चक धरतो, खंडेनवमीला आतनं तेल लावलं की सोडतो, तेल जळून गेलं की दिवाळीला परत धरतो. ह्यात बरकत कुठनं आली? निमुळत्यात निमुळतं बसवायचं ते कोरडं ठोकायचं असतंय. कुऱ्हाडीच्या दांड्याला कुणी तेल लावतंय व्हय?"

मी आयुष्यात त्यानंतर बऱ्याच शहाण्या लोकांना बोलताना ऐकलं, पण एका दमात एवढं सरळ बोलणारी व्यक्ती पाहिली नाही. पण त्या क्षणी मला अभिमान वगैरे वाटला नाही. मला भीती वाटली, कारण काकीचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्हंजी माझ्या पूजेनं चक पडतो म्हन," काकी म्हणाली. "माझ्या हातानं. माझ्या माहेरच्या वस्तूला मीच खाल्लं म्हन की!"

"तसं न्हाई म्हणाले, आक्का."

"तसंच म्हणालीस."

आई खाली बसली. तिनं चक उचलला, मूठभर पीठ त्याच्या भोकात कोंबलं आणि बोटानं फिरवलं. पीठ बाहेर आलं ते तेलानं ओलं. पुन्हा पीठ, पुन्हा बोट, मग कोरडं फडकं. तसंच स्पिंडलच्या तोंडाला. काकी ओरडली, "पूजेचं तेल पिठानं पुसतीस? माझ्या भावाच्या नावानं लावलेलं तेल हाय त्ये. त्येला काय झालं तर?" तिच्या आवाजात राग होता, पण खरीखुरी भीतीही होती. हे मला आज कळतं. तेव्हा फक्त राग ऐकू आला. (मामांना काहीही झालं नाही. चांगले म्हातारे होऊन, दात पडून गेले.)

आईनं चक अण्णांकडे दिला. अण्णांनी तात्यांच्या कमरेकडे पाहिलं. तात्या हलले नाहीत. मग अण्णांनी चावी न मागता पक्कडीनं चक सैल करून बिट काढला, हातानं चकाचा गळा फिरवून जबडे पूर्ण आत घेतले, म्हणजे ठोका जबड्यांना लागणार नाही, आणि वेल्डिंगच्या बाकाखालचा लाकडी हातोडा काढून चकाच्या तोंडावर एकच घाव घातला. लोखंडी हातोडा त्यांनी हातात घेतलाही नाही. हे मी आज माझ्या माणसांना रोज सांगते: जबडे आत, लाकूड बाहेर, घाव एक, आणि त्याआधी दोन्ही तोंडं कोरडी. पिठाऐवजी मी पेट्रोल आणि स्वच्छ फडकं वापरते. त्याहून जास्त शहाणपण या विषयात नाही.

बिट मात्र चावीशिवाय आवळता येईना. शेवटी विलास उठला, बापाजवळ गेला, आणि त्यांच्या कमरेची चावी ओढून, करगोट्यासकट ताणून, म्हणाला, "चला, वाका जरा." तात्यांना मुलाच्या मागे ओढत जावं लागलं. तिन्ही भोकांत अण्णांनी स्वतः चावी पिळली. मशीन सुरू झालं. बिट अँगलमधून आरपार गेला, अण्णांनी मागे ओढला, आणि चक त्यांच्याबरोबर परत आला. दुसरं भोक. तिसरं. दुपारपर्यंत अण्णा थांबलेच नाहीत. सायकल भिंतीला टेकून उभी होती, हवा भरलेली.

आता इथे एखाद्या बऱ्या घरात सगळे एकमेकांकडे बघून ओशाळले असते. आमच्या घरात उलटं झालं. तात्यांना अण्णांना काढायचं कारण हवं होतं. ते आईनं हिरावून घेतलं. काकीला माहेरची एकच वस्तू मिरवता येत होती. तिच्यात आईनं पीठ घातलं. आणि अण्णा? त्यांनी दुपारी जेवताना आईला म्हटलं, "पूजेचं तेल होतं ते."

"मग काय करायचं हुतं? सायकल घ्यायची हुती?"

"माझं मशीन, माझा भाऊ. मी बघितलं असतं."

"कवा? पोरगी बापाच्या वयाची झाल्यावर?" आईनं त्यांच्या ताटात भाकरी टाकली. वाढली नाही, टाकली. ज्याची जागा राखली त्यानंच तिच्याशी पंधरवडाभर हूं की चूं केलं नाही. माझ्या आईचं बरोबर होतं, आणि त्या घरात बरोबर असण्याइतकी एकटी जागा दुसरी नव्हती.

माधवनगरचं काम पुरं झालं त्या संध्याकाळी मशीन बाकावर होतं, पण त्याच्या तोंडावर चक नव्हता. नुसतं उघडं, निमुळतं, पांढरं स्पिंडल, जीभ काढल्यासारखं. काकी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसली होती. चक तिच्या मांडीवर होता आणि ती करंगळीनं आतून तेल लावत होती. तात्या दारात आले आणि त्या दिवशी, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, भावाशी थेट बोलले.

"शंकर, मशीन तू ठेव. चक आमचा हाय."

अण्णा म्हणाले, "चकाशिवाय मशीन कशाला?"

"तुझ्या बायकोला इचार. तिला समदं कळतंय."

दिवाळीनंतर ते साताऱ्याला गेले, कायमचे. चूल मोडून, तिच्या विटासुद्धा पोत्यात भरून. चक काकीनं ट्रंकेत नाही, कडेवर नेला. एक मशीन दोघांच्या वाट्याला आलं ते असं: एकाकडे फिरणारं, एकाकडे धरणारं. दोन्हीपैकी एकाचाही उपयोग नाही.

अण्णा मशीन पोत्यात घालून एसटीनं कराडला गेले, तिथल्या बाजारात निमुळत्याला निमुळतं जुळवून पाहिलं आणि साधा, काळा चक घेऊन आले. ते तो बसवायला लागले तेव्हा आईनं काही न बोलता शेजारी पिठाची वाटी ठेवली आणि आत गेली. अण्णांनी तिच्यातलं पीठ घेतलं. त्यांच्यात समेट झाला असेल तर तो एवढाच. त्यानंतर आमच्या खंडेनवमीला चकाला फक्त कुंकवाचं बोट लागतं, तेही बाहेरून. अण्णा गेले, आई गेली. कारखाना मी चालवते. मशीनची मोटर नव्यानं गुंडाळून घेतली आहे, पण अंग तेच आहे.

मागच्या पावसाळ्यात विलास साताऱ्याहून आला. काकीचं वर्षश्राद्ध उरकून आला होता. केस पांढरे, गुडघे गेलेले. चहा झाल्यावर त्यानं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली जड वस्तू काढली. चावी होतीच, तात्यांच्या काळ्या करगोट्याला बांधलेली.

"आईनं तुला द्यायला सांगितलंवतं," तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "पर एक म्हणाली. पिठानं पुसायचा न्हाई."

मेल्यावरही हुकूमच. मी चक हातात घेतला. पक्कडीचे ओरखडे तसेच, अण्णांचे. पाठीच्या भोकात बोट घातलं तर आत तेल होतं, घट्ट होत आलेलं, गोडं. घरात मशीन नाही, स्पिंडल नाही, ज्याच्यावर बसवायचा असं काहीच नाही, आणि काकी दर खंडेनवमीला त्याला आतून-बाहेरून तेल लावत राहिली होती. त्यामुळेच तो इतक्या वर्षांत गंजला नाही, हे मला मान्य करावं लागतं. मी ते विलासला बोलून दाखवलं नाही.

कराडच्या चकाचे जबडे आता घासून गोल झालेत. तिन्ही भोकांत आवळला तरी बिट गरगरतो. म्हणजे साताऱ्याचा चक बसवायला हवा, आणि बसवायचा तर कोरडा करायला हवा. बाकावर सगळं काढून ठेवलं आहे: पेट्रोलची बाटली, फडकं, लाकडी हातोडा. नुसत्या पेट्रोलनं काम होतं आणि काकीचा शब्दही मोडत नाही. त्याच्या शेजारी ज्वारीच्या पिठाची वाटी आहे, ती मी मुद्दाम ठेवली आहे. दोन्हीपैकी कशाला हात घालायचा ते ठरत नाही. सकाळी कामांची यादी करताना पहिली ओळ "चक पुसून बसवणे" अशीच लिहिते. संध्याकाळी बाकीच्या ओळींवर रेघ पडलेली असते. ही एक उद्याच्या पानावर जाते, आणि चक फडक्यात तेलकटच पडून आहे.